हौदातली समिती

प्रिय बाबा,

हे पत्र ताई तुम्हाला वाचून दाखवणार, हे धरूनच लिहायला बसलेय. डोळ्यांवर ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तुम्ही डॉक्टरांचं ऐकलं नाहीत तरी ताईचं ऐकता. तेव्हा आधी ताईला सूचना. ताई, बातम्या वाचल्यासारखं घाईघाईनं वाचू नकोस आणि मधे मधे तुझी मतं घालू नकोस. शेवटचं पान मी वेगळी घडी घालून पाकिटात ठेवलंय. ते उघडायचं नाही. बाबांच्या उशाखाली ठेव. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली की ते त्यांचं ते वाचतील.

बाबा, भिंत पडली! पाणघोडीच्या हौदाची मागची भिंत, जिच्यापलीकडे नौकाविहाराचं तळं आहे ती. परवा सकाळी मशीन आलं आणि दुपारपर्यंत तिथं नुसता ढिगारा उरला. आत्याबाईंना बाजूच्या कोठीत बंद केलं होतं. आवाज थांबला, धूळ खाली बसली, आणि भिंतीच्या जागी लखलखीत पाणी दिसायला लागलं. त्या गजांपाशी आल्या, कान हलवले. जे पाणी त्यांनी जन्मभर भिंतीपलीकडून फक्त ऐकलं होतं, ते पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. डोळे पुसायला मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. त्यांनी एक मोठा फुत्कार टाकला, पाठ फिरवली आणि जाऊन झोपल्या. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांचीच बहीण शोभते. आनंद झाला की जाऊन झोपायचं."

तुमच्या जागी सध्या हरणांकडचे काका येतात. माणूस मनापासून काम करतो, पण हरणांची सवय. "ये गं, ये गं" म्हणून लाडानं हाका मारतात आणि आत्याबाई नुसत्या फुरफुरल्या तरी बादली टाकून मागे पळतात. भोपळा तोंडात टाकायचा तर तोंड उघडायला हवं, आणि ते काही केल्या उघडत नाही. काकांनी बादली वाजवून पाहिली, शिट्टी वाजवली. काल तर गजांसमोर उभं राहून त्यांनी स्वतःचाच जबडा वासून दाखवला. बाई ढिम्म! शेवटी भोपळा फोडून जमिनीवर टाकावा लागतो, मग उपकार केल्यासारखा खातात. मी काकांना सांगितलं, मनाला लावून घेऊ नका. लहानपणी मी आणि ताईनं त्या तोंडासाठी काय काय नाही केलं! सुट्टीच्या दिवशी कठड्याला गर्दी लोटायची, सगळे "आ कर, आ कर" म्हणून ओरडायचे, आणि त्या नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पडून राहायच्या. मग चाऱ्याच्या खोलीतून तुम्ही निघायचात. अजून दिसायचाही नाहीत, तोच त्या पाण्यातून वर यायच्या आणि जबडा असा उघडायचा की पहिल्या रांगेतली मुलं रडायला लागायची. तुम्ही गेलात की तोंड बंद, खेळ खलास. आई तेव्हापासून त्यांना माझी नणंद म्हणते, आणि आम्ही आत्याबाई.

ताई, तुला आठवतं का, माझा पदवीचा झगा घातलेला फोटो घरात लावायचा म्हणून तू खिळा ठोकलास आणि बाबा तो फोटो घेऊन बागेत गेले? अजून तिथंच आहे, चाऱ्याच्या खोलीत, कोबीच्या टोपल्यांवर. आपल्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीधर झालं आणि ती बातमी सगळ्यात आधी कळली कोणाला, तर पाणघोडीला. "बघ गं, आपल्या घरची वकीलबाई," असं म्हणून बाबांनी फोटो गजांसमोर धरला होता. मी वकील झाले नव्हते, प्राणिशास्त्र घेतलं होतं, पण लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचे म्हणून ते नाव पडलं ते पडलं. त्या फोटोला अजून कोबीचा वास येतो.

आणि मग त्याच वकीलबाईनं प्राणी मुक्ती मंचात नाव नोंदवलं. ते तुम्हाला लागलं, हे मला तेव्हाही कळत होतं, बाबा. पण मला खरंच वाटत होतं आणि अजूनही वाटतं, की नुसतं बघायला मिळावं म्हणून कोणाचा जन्म एका हौदात घालवायचा अधिकार आपल्याला नाही. उन्हाळ्याच्या दुपारी तळ्यात त्या हंसाच्या आकाराच्या होड्या फिरायला लागल्या, लोकांचं हसणं आणि पाण्याचा चुबुकचुबुक आवाज यायला लागला, की आत्याबाई मागच्या भिंतीला तोंड टेकून उभ्या राहायच्या. हौद इतका अरुंद, की वळायचं तर आधी थोडं मागे सरकावं लागायचं, बोळात गाडी वळवतात तसं. मी लहानपणी तुम्हाला विचारलं होतं, भिंत पाडत का नाही? तुम्ही म्हणालात, "मी हौदवाला आहे. भिंतीवाले वर ऑफिसात बसतात."

मंचात माझं म्हणणं एवढंच होतं, की तळं आत्याबाईंना द्या. सरचिटणीसांना ते फार छोटं वाटलं. ते म्हणाले, "तळं मागितलं की तळंच मिळेल. आपण जंगल मागायचं." मी म्हटलं, त्या इथंच जन्मल्या, त्यांचं जंगल आणायचं कुठून? तर म्हणाले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मग ते पोस्टर निघालं. आत्याबाईंच्या कातडीवर तो लालसर ओशट थर येतो ना, त्याचा हा एवढा मोठा फोटो, आणि वर लिहिलं होतं, 'हे रक्त कोणाच्या हातांवर आहे?' छापायच्या आधीच मी सांगितलं होतं, अहो, हे रक्त नाही. पाणघोड्यांच्या अंगातून असा लाल पाझर येतोच, उन्हापासून कातडी वाचवायला. पुस्तकात आहे, आणि मी तर ते रांगत्या वयापासून पाहतेय. सरचिटणीस म्हणाले, "चळवळीत जीवशास्त्र आणू नकोस."

बागेच्या फाटकावर ते पोस्टर तुम्ही पाहिलंत. संध्याकाळी घरी आलात, तुमचे दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवलेत आणि म्हणालात, "हे हात." बस, एवढंच. त्या दिवसापासून आपलं बोलणं मीठ दे आणि दार लाव एवढ्यावर आलं. वकीलबाई ही हाक तर बंदच झाली. आई दोघांच्या मधे निरोप्या झाली. "बाबांना सांग, पंखा बंद करा." "तुझ्या लेकीला सांग, पंखा तिनंच लावलाय." शेवटी तिनं पंखाच बंद केला आणि म्हणाली, "आता दोघंही घाम गाळा. लाल निघतो का बघू."

नगरपालिकेनं समिती नेमली, तिच्या पहिल्या बैठकीत काय झालं हे तुम्हाला इतरांकडून कळलं असेल, पण माझ्याकडून ऐका. समिती म्हणजे त्या निवृत्त न्यायाधीश बाई आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. सदस्यांचं काम मान हलवायचं. साहेब, म्हणजे बागेचे अधीक्षक, पांढरा शर्ट घालून आले होते आणि फार मजेत होते, कारण ते पोस्टर त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं, लाल पाझराची माहिती वाचून दाखवली, आणि सगळं सभागृह आम्हाला हसलं. मग ते म्हणाले, "इथं फुकट जेवण, फुकट डॉक्टर, ना कामाला जायचं ना शिकाऱ्याची भीती. मला कोणी असं ठेवलं तर मी तक्रार करणार नाही!" सरचिटणीस उठून म्हणाले, "सगळे पिंजरे उघडा. आजच्या आज!" अध्यक्षबाईंनी विचारलं, "वाघाचाही?" ते म्हणाले, "तत्त्वतः."

बाबा, मला दिसत होतं, की हे असंच चालणार आणि शेवटी हौद आहे तिथंच राहणार. म्हणून मी उभी राहिले. म्हटलं, मी मंचाची सभासद आहे आणि ते पोस्टर खोटं आहे. त्या जनावराला कोणी कधी बोट लावलेलं नाही. तिची देखभाल करणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे. सरचिटणीस खालून माझी ओढणी ओढत होते. मी पुढे म्हटलं, पण पोस्टर खोटं असलं म्हणून हौद मोठा होत नाही. जखम नसली तरी जागा कमीच आहे. तुम्ही येऊन बघा, कठड्यावरून नाही, आत उतरून. सोमवारी हौद रिकामा करतात. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि साहेबांना म्हणाल्या, "सोमवारी येते." बाहेर आल्यावर सरचिटणीस म्हणाले, तू आपली बाजू बुडवलीस, आणि साहेब म्हणाले, हौदवाल्याच्या पोरीला पंख फुटले. दोन्ही बाजू एकाच वेळी माझ्यावर चिडल्या होत्या. तेव्हा मला वाटलं, आपण बरोबर असू.

आता सोमवार. तुम्ही आम्हाला हौदापर्यंत सोडलंत आणि जेवायला गेलात, त्यामुळे आत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत. म्हणून सविस्तर लिहितेय.

सकाळी तुम्ही घाईत निघालात आणि डबा ओट्यावरच राहिला. आईनं तो माझ्याकडे दिला. "आज तरी हातात दे त्यांच्या. पंख्यासारखा निरोप नको." मी पिशवीत ठेवला. तुम्ही हौद घासून घेतला होता, आत्याबाई बाजूच्या कोठीत होत्या. तुम्ही लोखंडी दार उघडून धरलंत आणि आम्ही उतारावरून खाली गेलो. बाई, मान हलवणारे दोघं, साहेब, सरचिटणीस आणि मी. डबा द्यायचा धीर झाला नाही, तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत. "जेवून येतो," असं साहेबांना म्हणालात आणि चाव्यांचा जुडगा कमरेला लावून निघालात.

दार कोणी लावलं, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. मी डोळ्यांनी पाहिलंय. सरचिटणीसांनी लावलं. त्यांना गजांमागचा स्वतःचा फोटो हवा होता, चेहऱ्यावर वेदना घेऊन. दार उघडं असलं तर वेदना दिसत नाही म्हणाले. त्यांनी ते ओढून घेतलं, चावीशिवाय न उघडणारी बाहेरची खिट्टी आपल्या वजनानं खाली पडून अडकली, आणि फोटो उत्तम आला.

आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी बाईंना म्हटलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघता का? त्या चालल्या, वळल्या, परत चालल्या. मग म्हणाल्या, "झालं?" म्हटलं, हो, झालं. एवढंच आहे. आता हेच परत. साहेब हसले आणि म्हणाले, "चला, चहाला जाऊ." तेव्हा दार कळलं. साहेबांनी ते हलवलं, मग सरचिटणीसांनी हलवलं, मग दोघांनी मिळून हलवलं. त्या दोघांनी एकत्र केलेलं ते पहिलंच काम. मी "बाबा!" म्हणून जोरात हाक मारली. साहेबांनी ऑफिसात फोन लावला. तिथून कारकून शांतपणे म्हणाला, "साहेब, हौदाची चावी एकच. हौदवाल्याकडे असते. दुसरी करायची नाही असा तुमचाच आदेश आहे. ते जेवायला गेलेत." साहेबांनी विचारलं, शिडी? "शिडी चाऱ्याच्या खोलीत, साहेब. कुलूप तुम्हीच लावायला सांगितलंय." मग साहेब दारापाशी उभे राहून ओरडायला लागले, "अरे, कोणी आहे का? आम्हाला बाहेर काढा!" अध्यक्षबाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही तक्रार करणार नव्हतात ना?"

ऊन चढलं. काँक्रीट तापलं. सावली एका कोपऱ्यात तेवढी, तिथं आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे. कोठीचे गज तिथून हातभर अंतरावर. आत्याबाई एकदा फुरफुरल्या तर सगळे पिंजरे आजच्या आज उघडायला निघालेले सरचिटणीस मला हळूच विचारतात, "हे गज मजबूत आहेत ना?" म्हटलं, तत्त्वतः.

आत्याबाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. आमच्याकडे पाठ करून त्या पलीकडच्या गजांकडे, चाऱ्याच्या खोलीच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या, आणि सारख्या जबडा उघडत होत्या. उघडायचा, वाट बघायची, मिटायचा, परत उघडायचा. बाईंनी विचारलं, "ही इतक्या जांभया का देते?" साहेब म्हणाले, "निवांत आहे, म्हणून." सरचिटणीस म्हणाले, "ही मूक किंकाळी आहे." मी मात्र त्यानंतर तुम्हाला हाका मारल्या नाहीत.

आणि मग, बाबा, आत्याबाईंनी ते केलं. पाठ आमच्याकडे, शेपटी पंख्यासारखी गरागरा फिरली, आणि जे काही उडालं ते साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर आणि सरचिटणीसांच्या भाषणाच्या कागदांवर अगदी सारखं वाटलं गेलं. समितीवर एक शिंतोडाही नाही. इतका निःपक्षपाती निर्णय मी आजवर पाहिलेला नाही. मान हलवणाऱ्यांपैकी एक जण त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "अरे बाप रे," म्हणाला.

एवढ्यानं भागलं नाही. सोमवारी बाग बंद असते, पण कुठल्याशा शाळेला खास परवानगी दिली होती, आणि तीही साहेबांनीच. वर कठड्यापाशी मुलांची रांग येऊन उभी राहिली. खाली पाणघोडा नाही, आम्ही. एका पोरीनं पाटी मोठ्यानं वाचली. "दिसायला शांत, पण लवकर चिडतो." आणि तिनं साहेबांकडे बोट दाखवून आपल्या शाळेच्या बाईंना विचारलं, "हाच का?" कोणीतरी "आ कर, आ कर" सुरू केलं. मग वरून शेंगदाणे यायला लागले. एक साहेबांच्या टकलावर बसला तसे ते मूठ वर करून गरजले, "प्राण्यांना खाऊ घालायला मनाई आहे!" कठड्यावर एकच हशा पिकला. अध्यक्षबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मुलांच्या बाई घाबरून मुलांना माकडांकडे घेऊन गेल्या, आणि जाताना एक मुलगा म्हणाला, "माकडांपेक्षा हेच भारी होते."

मुलं गेली आणि एकदम शांत झालं. अध्यक्षबाई पालथ्या घमेल्यावर बसल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, चेहरा उतरला होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी पिशवीतून तुमचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सगळ्यांना घास घास दिला, साहेबांना आणि सरचिटणीसांनासुद्धा. आईला सांगितलं तर तिला पहिली काळजी ही, की भाजीत मीठ बरोबर होतं का. होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून वारा आला आणि रिकाम्या होड्या एकमेकींवर आपटल्या. चुबुक, चुबुक. आत्याबाईंनी कान वळवले. बाईंनी ते पाहिलं. विचारलं, "तिकडे काय आहे?" मी सांगितलं, तळं. किती मोठं? म्हटलं, यातून बाहेर पडल्यावर बघा, तुम्हाला समुद्र वाटेल. बाई म्हणाल्या, "साहेब, मला आता इथून बाहेर जायचंय. मला उन्हाचा त्रास होतोय, माझे पाय दुखतायत आणि मला कंटाळा आलाय. हे मला बोलून दाखवता येतं. तिच्यात आणि माझ्यात एवढाच फरक आहे."

त्यांचं वाक्य संपलं आणि बाहेर तुमच्या चपला वाजल्या. तुम्ही चावी लावून खिट्टी उचललीत आणि म्हणालात, "माफ करा, जेवायला जरा वेळ झाला."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाईंनी जाताना तुमच्याकडे एकदा पाहिलं. साहेबांनी तिथल्या तिथं तुम्हाला कारणे दाखवा नोटीस दिली, शर्टावरचा तो हिरवा शिडकावा वाळायच्या आधी. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक ठपका नाही, निवृत्ती तोंडावर आलेली, आणि तुम्ही वाद न घालता लिहून दिलंत, "चूक माझी आहे." घरी आलात, जेवलात, सकाळी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ताईकडे निघायचं होतं म्हणून लवकर आडवे झालात.

समितीचा निकाल आला, बाबा. तळं आत्याबाईंना. होड्या बंद. नुसतं दाखवायला म्हणून यापुढे बागेत एकही नवीन प्राणी आणायचा नाही, आणि जे आहेत त्यांना मरेपर्यंत पुरेशी जागा आणि सांभाळ द्यायचा. मंचाला सगळे पिंजरे उघडून मिळाले नाहीत, साहेबांना सगळे जसेच्या तसे मिळाले नाहीत, तरी दोघांनीही विजयाचे फलक लावलेत. साहेब मुलाखतीत सांगतात, की तळ्याची कल्पना त्यांच्या मनात कधीपासूनच होती. सरचिटणीस आता हौदातला फोटो छातीशी धरून भाषणं करतात. मी हसते. भिंत पडल्यावर फलक कोणीही लावो. निकालाच्या शेवटी बाईंनी एक ओळ घातलीय, ती मी तोंडपाठ केलीय. "हौदाचे दार उघडण्यास झालेला विलंब हा या पाहणीतील सर्वांत उपयुक्त भाग होता; त्याबद्दल कोणावरही कारवाई करू नये." नोटीस मागे घेतली, बाबा. तुमची पाटी कोरी ती कोरीच.

ताई, तू इथं थांब. आता ते घडी घातलेलं पान.

बाबा, ताईनं हे आधीच वाचलेलं असणार, ते मी धरूनच चाललेय. असो. तुमचा डबा माझ्या पिशवीत होता. तुम्ही कुठं आणि काय जेवत होतात? हे एक. दुसरं, आत्याबाईंनी आजवर एकाच माणसासाठी तोंड उघडलंय, आणि तो चाऱ्याच्या खोलीच्या दाराआड उभा होता. कमरेला चावी लावून, आमचा शब्द न् शब्द ऐकत. दार उघडलंत तेव्हा तुमच्या शर्टाला चाऱ्याची काडी चिकटलेली होती. माझ्या बाजूचे आहात असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट तुझ्या चळवळीशी माझा संबंध नाही, असं आईकरवी कळवलंत. आणि मग जन्मभर जपलेलं नाव पणाला लावून, बाईंनी तेच बोलावं म्हणून तिथं दाराआड उभे राहिलात. हे तोंडावर म्हणायचं तर तुम्ही "काहीतरीच" म्हणून उठून गेला असतात, म्हणून लिहितेय. साहेबांना उद्घाटन करायचंय, फीत, पाहुणे, सगळं. मी सांगितलं, जिला तळ्यात जायचंय ती दुसऱ्या कोणाच्या हाकेनं हलणार नाही. तेव्हा थांबा. ते थांबलेत. नव्या दाराला आतूनही कडी आहे, ती मात्र साहेबांनी स्वतः हट्टानं बसवून घेतली. चावी चाऱ्याच्या खोलीत माझ्या फोटोखाली खिळ्याला लावलीय आणि तिला कोणी हात लावायचा नाही. भोपळा आणून ठेवलाय. पट्टी सुटली की पहिल्या गाडीनं या, दार तुमच्या हातानंच उघडायचंय. हो, तेच हात. आणि त्या सोमवारी रात्री झोपायला जाताना तुम्ही दिवा मालवलात आणि अंधारात म्हणालात, "झोप आता, वकीलबाई." तुम्हाला वाटलं, मला झोप लागली होती. नव्हती लागली, बाबा. मी ऐकलं.

कोबीच्या टोपल्यांवरून तुमची वाट बघणारी,
तुमचीच,
वकीलबाई